चूक झाली की मान कुठे वळते

बास्केटबॉलचे मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असते. एवढ्याशा जागेत दहा खेळाडू धावत असतात आणि रेषेला जवळजवळ लागूनच दोन्ही संघांचे बाक मांडलेले असतात. क्रिकेटचा प्रशिक्षक पॅव्हेलियनमध्ये बसतो. त्याला निरोप द्यायचा तर पाणी घेऊन जाणाऱ्या राखीव खेळाडूची वाट पाहावी लागते. फुटबॉलचा प्रशिक्षक ओरडतो खरा, पण पलीकडच्या बगलेवरच्या खेळाडूपर्यंत त्यातले फारसे काही पोचत नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र प्रशिक्षकाचा आवाज, हातवारे, कपाळावरची आठी, खाली आपटलेली फाइल, सगळे खेळाडूला दिसते आणि ऐकू येते. बंदिस्त सभागृहात तर जरा जास्तच. म्हणून रेषेबाहेरचा हा माणूस कसा वागतो याकडे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. त्याचे वागणे खेळात उतरते.

प्रशिक्षकाने कसे वागावे याबद्दल आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, बाकावरचा माणूस शांत असला की संघही शांत राहतो. दुसरे म्हणते, ओरडल्याशिवाय पोरे हलत नाहीत. आमचे सर ओरडायचे म्हणून तर आम्ही घडलो. दोन्ही मते आवाजाच्या पट्टीपाशी अडकली आहेत. मला वेगळ्या ठिकाणी पाहावेसे वाटते. सोपा लेअप हुकल्यावर, पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्यावर, अगदी पहिल्या सेकंदात खेळाडूची मान कुठे वळते ते पाहावे. ती चेंडूकडे वळली, तर प्रशिक्षक कितीही तापट असो, त्याने आपले काम नीट केलेले आहे. ती बाकाकडे वळली, तर तो कितीही निश्चल बसलेला असो, काहीतरी बिघडले आहे.

एक सेकंद म्हणजे काही फार नाही असे वाटेल. पण चेंडू गमावल्यापासून प्रतिस्पर्ध्याने पलीकडे जाऊन बास्केट करेपर्यंत अनेकदा तीन-चार सेकंदच जातात. त्यातला एक बाकाकडे पाहण्यात गेला की परत धावणारा खेळाडू दोन पावले मागे राहतो आणि उरलेल्या चौघांना पाच जणांना अडवावे लागते. चूक होती एका पासची; किंमत दोन गुणांची होते. मग त्या खेळाडूला पुढचा चेंडू मिळतो तेव्हा त्याच्या डोक्यात खेळ उरलेला नसतो, सर असतात. तो सुरक्षित पास देतो, किंवा हिशेब फेडायच्या घाईत नको तिथून शॉट मारतो. पाहता पाहता प्रतिस्पर्धी ओळीने आठ-दहा गुण करतो आणि प्रेक्षक म्हणतात, संघ कोसळला. कौशल्य पाच मिनिटांत कुठे जात नाही. जाते ते लक्ष.

हे लक्ष कसे जाते हे समजून घ्यायला फ्री थ्रोइतके चांगले उदाहरण नाही. रेषा बोर्डापासून 4.6 मीटरवर, कुणी अडवणारे नाही, फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे पाच सेकंद हातात. सरावात हा शॉट खेळाडूने हजारो वेळा मारलेला असतो आणि हाताला तो आपोआप येतो. क्रीडामानसशास्त्रात गेली काही दशके एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे: अंगवळणी पडलेल्या हालचालीवर माणूस दबावाखाली जाणीवपूर्वक पहारा ठेवू लागला की ती हालचाल बिघडते. दुधाने काठोकाठ भरलेला पेला घेऊन चाललेल्या मुलाला 'सांडशील!' म्हणून ओरडले की तो हमखास सांडतो, त्यातलाच हा प्रकार. 'कोपर सरळ! गुडघे वाक!' ही सूचना बरोबर असते. सरावात ती हवीच. पण फ्री थ्रोच्या क्षणी बाकावरून आलेली तीच सूचना हाताचे काम काढून डोक्याकडे देते, आणि डोके ते काम हाताइतके चांगले करू शकत नाही.

दुसरे उदाहरण पंचांचे. संघाला वाटते फाउल झाला. शिट्टी वाजत नाही. प्रशिक्षक दोन्ही हात हवेत फेकतो, रेषेवर येतो, पंचाच्या मागे मागे चालू लागतो. क्षणभरात त्याच्या दोन खेळाडूंचे हातही तसेच वर जातात. कुणी शिकवलेले नसते, पण हातवारा जसाच्या तसा उचललेला असतो. तेवढ्यात चेंडू पलीकडच्या रिंगमधून खाली पडलेला असतो. माणसे एकमेकांचे चेहरे, सूर आणि अंगविक्षेप नकळत उचलतात आणि त्यांच्यासोबत भावनाही येते, यावर मानसशास्त्रात भरपूर काम झाले आहे. संघात हे आणखी तीव्रतेने घडते, कारण तिथे सगळे एकाच माणसाकडे पाहून परिस्थिती किती गंभीर आहे हे ठरवत असतात. अन्याय झाला आहे असे त्या माणसाचे शरीर सांगू लागले की खेळाडूला हरण्यासाठी कारण मिळते. माझ्या मते पंचांवरच्या आरडाओरड्याचे सर्वांत मोठे नुकसान टेक्निकल फाउलचे, म्हणजे गैरवर्तनाच्या शिक्षेचे, नसते, या मिळालेल्या कारणाचे असते.

या विषयावर लिहायचे तर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांना टाळून चालणार नाही. 23 फेब्रुवारी 1985, ब्लूमिंग्टन, इंडियाना विरुद्ध पर्ड्यू. सामना सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटे झाली होती. पंचांच्या निर्णयावर भडकलेल्या नाइट यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची उचलून मैदानात भिरकावली. पर्ड्यूचा खेळाडू तेव्हा फ्री थ्रो मारायला उभा होता. टेक्निकल फाउल साचत जाऊन ते बाहेर घालवले गेले, पुढे एका सामन्याची बंदीही आली. इंडियाना तो सामना 72-63 असा हरला. अमेरिकेत आजही 'प्रशिक्षकाचा राग' म्हटले की हीच खुर्ची डोळ्यांसमोर येते.

पण ही गोष्ट एवढ्यावर सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच नाइट यांच्या 1976 च्या संघाने 32 पैकी 32 सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि त्यानंतरच्या कित्येक दशकांत पुरुषांच्या कॉलेज स्पर्धेत तसा अजिंक्य हंगाम कुणाला जमला नाही. 1981 आणि 1987 ची विजेतेपदे वेगळीच, शिवाय 1984 च्या ऑलिंपिकमधले सुवर्ण. एकही सामना न हरणारा संघ धीराचा कच्चा असू शकत नाही. मग रागीट प्रशिक्षकाचा संघ ढासळतो हे सूत्र इथे कुठे बसते?

मला याचे उत्तर असे दिसते. नाइट यांच्या खेळाडूंना त्यांचा राग नवा नव्हता. रोजच्या सरावात तो त्यांनी पाहिलेला होता, त्याचे कारण ओळखीचे होते: चुकीची जागा, आळशी डिफेन्स, पास देण्याआधी न पाहणे. काय केले की काय होईल हे ठाऊक असलेल्या खेळाडूला सामन्यात बाकाकडे पाहावे लागत नाही. उत्तर त्याला आधीच माहीत असते. खुर्चीचा प्रसंग वेगळा होता. त्यात खेळाविषयी सांगण्यासारखे काही नव्हते, आणि पुढच्या क्षणी हा माणूस काय करेल हे कुणालाच सांगता येत नव्हते. अपेक्षित राग खेळाडू पचवतो. अनपेक्षित राग त्याचे डोळे ओढून घेतो. यावरून मी नाइट यांच्या पद्धतीचे समर्थन करतो आहे असे कुणी समजू नये. वर्तनाच्या तक्रारींचा ढीग साचल्यावर विद्यापीठाने 2000 साली त्यांना काढून टाकले, आणि विजेतेपदांनी त्या तक्रारींची भरपाई होत नाही. मुद्दा इतकाच की संघाचा धीर का टिकतो आणि का सुटतो हे शोधताना आवाजाचा डेसिबल मोजून भागत नाही.

संशोधक बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या शाळा-कॉलेजांच्या 23 बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली 304 भाषणे त्यांनी तपासली. प्रशिक्षकाच्या बोलण्यात नाराजी, कडकपणा जसा वाढत गेला तशी दुसऱ्या अर्ध्या डावातली कामगिरी सुधारत गेली, पण एका मर्यादेपर्यंतच. त्या पलीकडे, राग अतितीव्र झाला की कामगिरी घसरू लागली. ओरडण्याच्या बाजूचे लोक यातला पहिला भाग सांगतात, विरुद्ध बाजूचे दुसरा. मला तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: हे सगळे मध्यंतरात, बंद खोलीत घडले. खेळ थांबलेला, चेंडू कुणाच्या हातात नाही, खेळाडू बसलेले, डोळे मोकळे. तिथे नाराजी कान देऊन ऐकता येते आणि तिचा अर्थ लावता येतो. तेच वाक्य खेळ चालू असताना रेषेवरून भिरकावले की खेळाडूला दोन कामे एकदम करावी लागतात. मध्यंतरात ओरडण्याचा काही फायदा दिसला म्हणून तो रेषेवरही दिसेल असे कुणी मानू नये.

आता शांततेच्या बाजूचे सर्वांत मोठे नाव: जॉन वुडन. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला त्यांनी 1964 ते 1975 या बारा हंगामांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली, त्यात सलग 88 सामने जिंकण्याची मालिका आली. सामन्यात ते बाकावर बसलेले असायचे, हातात सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी. ते संत नव्हते; त्याच गुंडाळीआडून पंचांना आणि प्रतिस्पर्ध्यांना चार शब्द सुनावण्याची सवय त्यांना होती. पण आपल्या खेळाडूंनी सूचनांसाठी बाकाकडे पाहू नये, सामना सुरू झाला की आपले बहुतेक काम संपलेले असते, ही त्यांची धारणा पक्की होती.

काम संपलेले असायचे, कारण ते आठवडाभर झालेले असायचे. 1974-75 च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला येऊन बसले आणि वुडन काय काय बोलतात याची टिपणे घेत राहिले. नोंदवलेल्या दोन हजारांहून जास्त कृतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहिती देणाऱ्या होत्या: काय करायचे, कसे करायचे, का करायचे. शाबासकी फारच थोडी. रागावणेही असायचे, पण त्याच वाक्यात दुरुस्ती असायची. चुकल्यावर आधी बरोबर कृती करून दाखवायची, मग खेळाडूने केली तशी चुकीची, मग पुन्हा बरोबर. सगळे काही सेकंदांत. असा सराव केलेल्या खेळाडूला सामन्यात चूक झाल्यावर पुढे काय करायचे हे विचारायला कुणाकडे जावे लागत नाही. वुडन यांची बाकावरची शांतता पाहून ती उचलू पाहणारे प्रशिक्षक अनेक असतील. ती शांतता आली त्या सरावाचे कष्ट उचलणारे थोडे. आणि सरावात मोकळे सोडून सामन्यात गप्प बसणारा प्रशिक्षक शांत म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही. त्याने खेळाडूंना वाऱ्यावर सोडले आहे.

फिल जॅक्सन यांनी हीच गोष्ट व्यावसायिक खेळात नेली. शिकागो बुल्ससोबत सहा आणि लॉस एंजेलिस लेकर्ससोबत पाच अशी अकरा एनबीए विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. प्रतिस्पर्धी सुसाट सुटला, घरचे प्रेक्षक अस्वस्थ झाले, की बहुतेक प्रशिक्षक टाइम-आउट घेतात. जॅक्सन अनेकदा बसून राहायचे. तुम्हीच अडकलात, तुम्हीच सुटा. हा निष्काळजीपणा नव्हता. सरावात ध्यान, श्वासाकडे लक्ष, अंधारात किंवा मौन पाळून सराव असे प्रयोग करून त्यांनी खेळाडूंना अडकलेल्या स्थितीतून बाहेर पडायला शिकवलेले असायचे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वुडन यांच्याकडे ल्यू ॲल्सिंडर आणि बिल वॉल्टन होते, जॅक्सन यांच्याकडे मायकेल जॉर्डन. असे खेळाडू असले तर कोण शांत राहणार नाही? संघ चांगला म्हणून प्रशिक्षक शांत, की प्रशिक्षक शांत म्हणून संघ चांगला? कार्यकारण उलट दिशेने वाहत नाही हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण एका घटनेने या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो. 2015-16 च्या हंगामात गोल्डन स्टेट वॉरियर्सचे प्रशिक्षक स्टीव्ह कर पाठीच्या दुखण्यामुळे पहिले 43 सामने बाकावर नव्हते. त्यांच्या जागी त्यांचे तरुण सहायक ल्यूक वॉल्टन उभे राहिले. संघाने पहिले 24 सामने ओळीने जिंकले आणि त्या 43 पैकी 39. मुख्य माणूस रेषेवर नसतानाही संघ डगमगला नाही याचा अर्थ प्रशिक्षकाची गरज नसते असा काढणे सोपे आहे आणि चूकही. कर यांनी आधीच्या हंगामात जे रुजवले होते ते खेळाडूंच्या अंगात गेले होते, म्हणून बाकावर कोण आहे याने फारसा फरक पडला नाही.

कर स्वतः काही थंड डोक्याचे नाहीत. भर सामन्यात क्लिपबोर्ड मोडणारा हा माणूस आहे. पण फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी केलेली गोष्ट मला त्यांच्या विजेतेपदांइतकीच मोलाची वाटते. आपला आवाज खेळाडूंच्या कानांवरून नुसता घरंगळतो आहे असे लक्षात आल्यावर त्यांनी फिनिक्स सन्सविरुद्धच्या सामन्यात टाइम-आउटमधला बोर्ड आंद्रे इग्वोदाला, ड्रेमंड ग्रीन अशा खेळाडूंच्याच हाती दिला. वॉरियर्स 129-83 असे जिंकले. सन्स त्या वर्षी दुबळे होते, त्यामुळे 46 गुणांच्या फरकातून फार काही सिद्ध होत नाही. प्रतिस्पर्ध्याचा अपमान केला अशी टीकाही झाली. तरी आपण रेषेवर जास्त होतो आहोत हे एका यशस्वी प्रशिक्षकाने ओळखले आणि ते जाहीरपणे मान्य करून मागे सरकला, हे दुर्मीळ आहे.

शांततेची कसोटी लागते ती हरल्यावर. 16 मार्च 2018 रोजी व्हर्जिनिया विद्यापीठाचा पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून 74-54 असा हरला. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासात असे त्याआधी कधीच घडले नव्हते. व्हर्जिनियाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट हे बाकावरच्या संयमासाठी ओळखले जाणारे गृहस्थ, आणि त्या संयमाने त्या रात्री काहीही वाचवले नाही. शांत प्रशिक्षक म्हणजे शांत संघ असे मानणाऱ्यांनी हा सामना विसरता कामा नये. संघ वीस गुणांनी कोसळत असताना बाकावर एक शांत माणूस होता.

पण बेनेट यांनी पराभवानंतर कॅमेऱ्यांसमोर उभे राहून प्रतिस्पर्ध्याचे कौतुक केले, कुणावर बोट दाखवले नाही आणि पुढचे वर्षभर तो पराभव लपवला नाही. वर्षभराने, एप्रिल 2019 मध्ये, मिनियापोलिसला उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध व्हर्जिनिया दोन गुणांनी मागे होते, घड्याळात 0.6 सेकंद उरले होते आणि काइल गाय तीन फ्री थ्रो मारायला रेषेवर उभा होता. आदल्या वर्षीच्या पराभवानंतर आपल्या चिंताविकाराबद्दल उघडपणे बोललेला हा मुलगा. पहिले दोन त्याने टाकले. त्याचा ताल मोडावा म्हणून ऑबर्नने टाइम-आउट घेतला. तो परत आला आणि तिसराही टाकला, 63-62. दोन दिवसांनी टेक्सास टेकला जादा वेळेत 85-77 असे हरवून व्हर्जिनिया विजेते झाले. गायच्या हाताला तो धीर बेनेट यांनीच दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचा स्वतःचा सराव आणि स्वतःशी केलेला झगडा त्यात मोठा आहे. मला इतकेच म्हणायचे आहे की हरल्यावर काय होते हे त्या संघाने पाहून घेतले होते. सगळ्यांत वाईट ते घडून गेले होते आणि त्यांचा प्रशिक्षक तोच राहिला होता. पुढच्या कसोटीच्या क्षणी बाकाकडे पाहून 'आता काय होईल' असे विचारण्याची गरज उरली नव्हती. रेषेवरच्या वागण्याचा परिणाम त्याच सामन्याच्या गुणफलकात शोधायला गेलो तर तो सापडत नाही. तो पुढच्या कठीण सामन्यात, कधी पुढच्या वर्षी दिसतो.

ग्रेग पोपोविच यांचे उदाहरण यालाच जोडून येते आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण या माणसाला शांत म्हणता येणार नाही. एप्रिल 2019 मध्ये, सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक असताना, डेन्व्हरला सामना सुरू होऊन 63 सेकंद झाले असताना त्यांना बाहेर घालवण्यात आले. संघाला जागे करायला प्रशिक्षक कधीकधी मुद्दाम टेक्निकल ओढवून घेतात असे सांगतात. त्या दिवशी स्पर्स 28 गुणांनी हरले, तेव्हा या औषधाचा गुण हमखास येतोच असे नाही. पण 18 जून 2013 ची रात्र पाहा. अंतिम मालिकेचा सहावा सामना, मायामी. शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्पर्स पाच गुणांनी पुढे होते, विजेतेपद हाताशी होते. 5.2 सेकंद उरले असताना रे ॲलनने तीन गुणांचा शॉट टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत मायामी जिंकले. उद्ध्वस्त झालेल्या संघाला पोपोविच यांनी हॉटेलच्या खोल्यांत एकेकटे जाऊ दिले नाही. ठरलेल्या रेस्टॉरंटमध्ये सगळ्यांना जमवले, टेबलाटेबलावर फिरून खेळाडूंशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी बोलत राहिले. सातवा सामनाही ते हरले. पुढच्या वर्षी त्याच मायामीला त्यांनी 4-1 असे हरवले. पोपोविच ओरडायचे तेव्हाही त्यांच्या खेळाडूंना एक गोष्ट ठाऊक असायची: हा माणूस आपल्या चुकीवर रागावला आहे, आपल्याला टाकणार नाही. ही खात्री असली की ओरडणे ऐकून घेऊन लगेच खेळाकडे वळता येते.

याच्या नेमके उलट, एक असे वागणे आहे ज्यात आवाज अजिबात नसतो आणि जे मला खुर्ची फेकण्याइतकेच घातक वाटते: चूक केली की लगेच बदली. खेळाडूचा पास चुकतो, प्रशिक्षक काही बोलत नाही, नुसता बाकावरच्या दुसऱ्याला बोटाने खुणावतो. बाहेर आलेल्याकडे पाहतही नाही. दोनतीन सामन्यांत संघाला धडा मिळतो: इथे एका चुकीला क्षमा नाही. मग प्रत्येक चुकीनंतर सगळ्यांची मान बाकाकडे वळू लागते, कुणी उठतोय का हे पाहायला. असा प्रशिक्षक बाहेरून सभ्य दिसतो, प्रेक्षक त्याच्या संयमाचे कौतुकही करतात. त्याचा संघ मात्र भेदरलेला असतो. बदली करायलाच हवी तेव्हा बाहेर आलेल्या मुलाला शेजारी बसवून दोन वाक्यांत कारण सांगितले, पुन्हा आत कधी जायचे आहे हे सांगितले, तर तीच बदली शिक्षा न राहता शिकवणे होते.

टाइम-आउटबद्दलही एक निरीक्षण. एनबीएमध्ये टाइम-आउट मिळाल्यावर बरेच प्रशिक्षक लगेच खेळाडूंकडे जात नाहीत. खेळाडू बसतात, पाणी पितात, आपसांत बोलतात. प्रशिक्षक सहायकांशी काही सेकंद बोलतो आणि मग एकच गोष्ट घेऊन त्यांच्यासमोर येतो. त्या सेकंदांत डावपेच ठरतात, पण त्याचा श्वासही खाली बसतो. आपल्याकडच्या सामन्यांत साठ सेकंदांचा टाइम-आउट पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत आवाजाने भरून टाकलेला मी पाहत आलो आहे. पाच मुलांना पाच वेगवेगळ्या चुका सांगितल्या जातात आणि आत जाताना एकाच्याही डोक्यात पुढच्या चेंडूवर काय करायचे हे नसते.

मोठ्यांच्या खेळात निदान खेळाडू पैसे घेतात, करार करतात, प्रशिक्षक बदलून मागू शकतात. मुलांना यातले काही नसते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी 1970 च्या दशकापासून मुलांच्या प्रशिक्षकांवर काम केले. त्यांचा अभ्यास बेसबॉलच्या लीगमधला, पण त्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, आपण मैदानावर प्रत्यक्षात कसे वागतो याची प्रशिक्षकांना फारशी कल्पना नव्हती. मुलांनी केलेले वर्णन त्यांच्यापेक्षा बरेच अचूक निघाले. दोन, चुकीला ओरडण्याऐवजी धीर आणि दुरुस्ती देण्याचे थोडेसे प्रशिक्षण मिळालेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली 5 टक्के मुले पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. न मिळालेल्यांकडची 26 टक्के. जय-पराजयाच्या हिशेबात दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे ओरडून सामने जास्त जिंकले गेले नाहीत, मुले मात्र गमावली गेली.

मुंबईत जन्मलेले आणि पुढे एनबीएतल्या सॅक्रॅमेंटो किंग्जचे मालक झालेले विवेक रणदिवे यांनी कॅलिफोर्नियात रेडवूड सिटीतल्या बारा वर्षांच्या मुलींचा संघ शिकवला, ते मॅल्कम ग्लॅडवेल यांच्या 2009 मधल्या लेखामुळे जगभर माहीत झाले. ती गोष्ट सांगणारे सगळे त्यांच्या पूर्ण मैदानभराच्या प्रेसबद्दल बोलतात. त्यांचा पहिला नियम मागे पडतो: आवाज चढवायचा नाही. रणदिवे स्वतः बास्केटबॉल खेळलेले नव्हते, मुलीही फार कुशल नव्हत्या, आणि प्रेस हा दमवणारा, सतत चुका घडवणारा डिफेन्स. प्रत्येक चुकीला ओरडा बसला असता तर त्या मुलींनी चेंडूवर झेपावणे आठवड्याभरात सोडून दिले असते. धाडसी खेळ हवा असेल तर चुकीची भीती काढावी लागते, आणि ती काढण्याची जागा रेषेवरच आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी फाउलवर फाउल दिल्यावर त्यांनी प्रेस मागे घेतला आणि संघ हरला. मुलींना शिट्ट्यांच्या माऱ्यात ठेवायचे नाही, हा निर्णय मला समजतो. तरी वाटते, आवाज न चढवण्याइतकेच, आपण शिकवलेल्या खेळावर ठाम राहणेही त्या मुलींना रेषेवरून दिसायला हवे होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न शालेय स्पर्धांत सर्वांत तीव्र आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढताना मुलांच्या मागे शाळेचे नाव असते, पालक असतात, दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण असतात. हा सगळा भार आधी क्रीडाशिक्षकावर येतो, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यात तो आवाजातून बाहेर पडतो. त्या शिक्षकाला खलनायक ठरवणे मला मान्य नाही; एकट्याने चार खेळ सांभाळणाऱ्या माणसाकडून आपण वुडन यांच्यासारख्या सरावाची अपेक्षा करू शकत नाही. पण एक गोष्ट विनाखर्च करता येते. सामन्याचे चित्रीकरण आता प्रत्येक पालक फोनवर करतो. त्यातल्या एकाने एका सामन्यात कॅमेरा चेंडूऐवजी बाकाकडे धरावा आणि ते चित्रीकरण फक्त त्या शिक्षकालाच द्यावे. स्मिथ आणि स्मॉल यांच्या प्रशिक्षकांना जे दिसत नव्हते ते दिसायला तेवढे पुरे होईल.

दुसरी गोष्ट पंचांनी करायची आहे. लहान मुलांच्या सामन्यात सरांना टेक्निकल द्यायला पंच कचरतात. ओळखीचे असतात, ज्येष्ठ असतात, उद्या दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा भेटायचे असते. फिबाच्या नियमात त्या टेक्निकलची शिक्षा एक फ्री थ्रो आहे आणि त्यानंतर खेळ होता तिथून पुढे सुरू होतो. सरांच्या वागण्याची किंमत मुलांनी गुणाने का मोजावी, असे विचारले जाते. कारण ती ते आधीच मोजत असतात. फरक एवढाच की ती गुणफलकावर येत नाही. पुढच्या जूनमध्ये सरावाला न येणाऱ्या मुलांच्या संख्येत ती येते, आणि तोवर तिचा संबंध कुणी त्या सामन्याशी लावत नाही.